आंब्याखालचा रिओ

नर्सरीत रिओ कुणी शोधत नाही. गुलाब, जास्वंद, अडेनियम ही मंडळी फाटकाशीच मांडलेली असतात. नुकतं आलेलं, नाव नीट उच्चारता न येणारं काहीतरी काउंटरजवळ असतं. रिओ असतो पार मागे, शेडनेटच्या कडेला, पाण्याच्या टाकीपाशी, काळ्या पिशव्यांत दाटीवाटीनं उभा. पाण्याचा पाइप त्याच्या अंगावरून ओढला जातो. जागा कमी पडली तर रिकाम्या कुंड्याही त्याच्यावरच ठेवल्या जातात. भाव विचारला की नर्सरीवाला उलट विचारतो, "किती पायजेत?" एका रोपाचा भाव सांगायची त्याला सवयच नसते. रिओ शेकड्यानं जातो. कंपनीच्या आवारात, हॉस्पिटलच्या फाटकाशी, जिन्याखालच्या वाफ्यात. बागेच्या कंत्राटदाराच्या बिलात 'ग्राउंड कव्हर' अशी एक ओळ असते, आणि त्या ओळीत त्याचं नाव आलं तर आलं.

इतक्या लोकांनी रोज पाहिलेलं आणि इतक्या थोड्यांना नावानं माहीत असलेलं दुसरं झाड मला तरी सुचत नाही. म्हणून आधी ओळख करून देतो. लांब, टोकदार, जाडसर पानं. सगळी एका मध्यातून निघून चहूबाजूंना पसरलेली. मोठ्या जातीचं झुडूप गुडघ्याच्या जरा खाली येतं, ठेंगणी जात वीतभर. पान वरून गडद हिरवं, थोडं निबर. आणि खालून जांभळं. तेही असं तसं नाही, ठसठशीत वांग्याचं जांभळं. वरून साधा सुती कोट आणि आतून रेशमी अस्तर लावणारा एखादा जुना वकील असतो ना, तसला हा प्रकार. वाऱ्याची झुळूक आली किंवा मांजर आतून गेलं की ते अस्तर क्षणभर दिसतं, एरवी नाही.

फुलं असतात, पण ती दाखवायची त्याला हौस नाही. पानांच्या बेचक्यात, जवळजवळ बुडाशी, होडीच्या आकाराचा एक जांभळट कोश येतो आणि त्यातून तीन पाकळ्यांचं इवलंसं पांढरं फूल डोकावतं. आदल्या दिवसाचं फूल मिटलं की दुसरं. इंग्रजांनी या फुलाला पाळण्यातला मोझेस म्हटलं आहे. आपल्याकडे ते पाहायचं तर वाकावं लागतं, आणि रिओपाशी वाकतो फक्त माळी.

सायन्सला गेलेल्या मुलांची त्याच्याशी एकदा ओळख झालेली असते, तीही फार जवळून. अकरावीच्या जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात प्रत्येक टेबलावर एकेक पान येतं. सकाळी प्रयोगशाळेतले मामा कॉलेजच्या आवारात जाऊन मूठभर पानं तोडून आणतात. रिओ नाही असं कॉलेज शोधूनच काढावं लागेल. पान तिरकं फाडायचं, जांभळ्या बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्यानं सोलायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. आत जांभळ्या पेशींची फरशी बसवलेली दिसते, आणि तिच्यात मधे मधे हिरव्या ओठांची पर्णरंध्रं. मग त्याच पापुद्र्यावर मिठाचं किंवा साखरेचं दाट पाणी सोडायचं. बघता बघता प्रत्येक पेशीतला जांभळा रंग भिंत सोडून आत आक्रसतो, मधोमध गोळा होऊन बसतो. याला प्लाझ्मोलिसिस म्हणतात, एवढं वहीत लिहिलं की मार्क मिळतात. पण बाई चांगल्या असतील तर त्या पुढचंही करायला लावतात. खारं पाणी टिपकागदानं शोषून घ्यायचं आणि साधं पाणी सोडायचं. पेशी फार वेळ आक्रसलेली राहिली नसेल तर रंग परत पसरतो, भिंतीला जाऊन टेकतो, जणू काही झालंच नाही.

रिओचा सगळा स्वभाव त्या काचपट्टीवर असतो. आटायचं आणि पाणी आलं की परत भरायचं. मुलं ते बघतात, आकृती काढतात आणि पान कचऱ्याच्या डब्यात टाकून निघून जातात.

आता त्याच्या जागेविषयी. बागेत सावली म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर ओल येते: शेवाळ, नेचे, थंड माती. आंब्याखाली यातलं काहीही नसतं. जुना, घेरदार आंबा बाराही महिने पानांनी भरलेला. हलकी सर आली तर ती वरच्या पानांवरच संपते, खाली माती कोरडी. जोराचा पाऊस खाली पोचतो, पण खाली आंब्याच्या बारीक मुळांचं जाळं मातीच्या वरच्याच थरात पसरलेलं असतं. ते आधी पितं, उरलं तर इतरांना. त्यात आंब्याचं पान चामड्यासारखं चिवट. ते लवकर कुजत नाही, थरावर थर चढतो. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने आंब्याखालची जमीन म्हणजे सावलीतलं माळरानच. इमारतीच्या उत्तर अंगाला छज्ज्याखाली जी पट्टी असते, तिचीही हीच गत. ऊन नाही, पाऊसही नाही.

या जागेचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक सोसायटीच्या सभेत कधी ना कधी येतो. चेअरमनसाहेबांना तिथं लॉन हवं असतं. कोणाच्या तरी भाचीच्या लग्नात त्यांनी ते पाहिलेलं असतं. लॉनच्या गादीचे तुकडे आणून अंथरले जातात, पंधरा दिवस सगळे कौतुकानं अनवाणी चालतात, आणि पावसाळा सरायच्या आत गवत विरळ होऊन मातीचे चट्टे दिसू लागतात. गवताला ऊन लागतं. त्याला पाणी पाजून सावलीत जगवता येत नाही, ते कुजतं तेवढं लवकर.

मग पिवळ्या फुलांची वेडेलिया. रस्त्याच्या कडेला तिचे गालिचे पाहून कोणीही भुलेल. पण तो गालिचा उन्हाचा आहे. सावलीत ती लांब लांब दोरे टाकते, फुलं देत नाही, आणि जिथं ऊन आणि ओल दोन्ही मिळतात तिथं शेजाऱ्याच्या बागेत शिरते. जगातल्या सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींची शंभरांची जी यादी केली गेली, तिच्यात तिचं नाव आहे, एवढं सांगितलं तरी पुरे. मनी प्लँट जमिनीवर सुरुवातीला फार शहाण्यासारखा वागतो. आंब्याचं खोड सापडलं की त्याचं चित्त ठिकाणावर राहत नाही. तो वर चढतो, वर चढला की त्याचं पान ताटाएवढं होतं, आणि जमीन पुन्हा उघडी. सिंगोनियम त्याचाच भाऊ शोभावा असा. नेफ्रोलेपिसचे नेचे देखणे, पण त्यांना रोज विचारावं लागतं, पाणी प्यालात का? एप्रिलमध्ये माळी गावच्या जत्रेला गेला की ते पिंगट होऊन बसतात. मोंडो गवत मला आवडतं. काळसर हिरवे, बारीक, शांत झुपके. पण ते इतकं सावकाश पसरतं की सोसायटीची कार्यकारिणी दोनदा बदलून होते, आणि त्यालाही कोरडेपणा फारसा रुचत नाही.

स्पायडर प्लँट, म्हणजे क्लोरोफायटम, याला मात्र मी रिओच्या शेजारी बसवीन. त्याच्या मुळांना पाणी साठवणाऱ्या गाठी असतात आणि आपल्या मातीशी त्याचं नातं जुनं आहे. पावसाळ्यात रानभाजी म्हणून विकायला येणारी फोडशी त्याच कुळातली, आणि सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात तर चक्क आपलं बोरिवली आहे. फक्त आंब्याखालच्या भर उन्हाळ्यात त्याची टोकं करपतात आणि मग ते कायम रुसल्यासारखं दिसतं. स्नेक प्लँट रिओपेक्षाही चिवट, यात वाद नाही. पण तो सरळ उभा राहतो, जमीन झाकायचं काम त्याला कमीपणाचं वाटतं. त्याची बुटकी जात झाकते, पण महाग पडते.

अशा वेळी सभेत मागच्या खुर्चीवर बसलेला माळी बोलतो. त्याला कोणी विचारलेलं नसतं. "सायेब, तितं दुसरं काय बी टिकायचं नाय. रिओ लावा आन् गप ऱ्हावा." सभा त्याच्याकडे दुर्लक्ष करते आणि दोन वर्षांनी तिथं रिओ असतो.

हा उपरा कुठून आला, तर मेक्सिकोचा दक्षिण भाग, बेलीझ आणि ग्वाटेमाला इथून. युकातानच्या बाजूची सगळी भूमी चुनखडीची. पाऊस पडला की पाणी खडकातून खाली निघून जातं. वर नद्या वाहत नाहीत, पाणी जमिनीखाली. त्या खडकांच्या फटींत, झाडांच्या सावलीत, मूठभर पाचोळ्याच्या आधारानं हा वाढतो. तिथलं वर्षही आपल्यासारखंच विभागलेलं: मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस, नंतर कोरडं. युरोपातून येणाऱ्या झाडाला आपला पावसाळा सोसत नाही, सदाहरित जंगलातून येणाऱ्याला आपला उन्हाळा सोसत नाही. रिओला दख्खनमध्ये येताना आपलं वेळापत्रक बदलावंच लागलं नाही. ग्राउंड कव्हर निवडताना लोक पानाचा रंग पाहतात, फोटो पाहतात. मी आधी विचारतो, याच्या माहेरी पाऊस कधी पडतो? निम्मी निवड त्या एका प्रश्नानं होते.

उरलेली निम्मी पान हातात घेऊन करायची. रिओचं पान आडवं कापून पाहिलं तर वरच्या कातडीखाली रंगहीन, मोठमोठ्या पेशींचे थर दिसतात. त्या पेशी अन्न तयार करत नाहीत, हवेशी व्यवहार करत नाहीत. त्यांच्यात फक्त पाणी असतं. मधे हिरवा भाग, खाली ती जांभळी कातडी. उन्हाळ्यात पाणी तुटलं की आधी हे वरचे थर आटतात, पान पातळ होतं, कडा आत वळतात, हिरवा भाग मात्र बराच काळ शाबूत राहतो. पर्णरंध्रं खालच्या अंगाला, सावलीत. मार्चमध्ये बोटांत धरलं तर मऊसर, मेमध्ये पातळ, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा टचटचीत. मुळांत, खोडात किंवा पानात स्वतःची शिल्लक बाळगणारं झाडच कोरड्या सावलीत टिकतं. बाकीची माळ्याच्या भरवशावर असतात, आणि माळी आठवड्यातून दोनदाच येतो.

घराण्याचं म्हणाल तर दोन्ही बाजूंनी सांगण्यासारखं आहे. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ ओलोफ स्वार्ट्झ यांनी 1788 मध्ये त्याला ट्रॅडेस्कांशिया स्पॅथेशिया हे नाव दिलं. मधल्या काळात तो ऱ्हिओ डिस्कलर झाला, आणि आपल्या क्रमिक पुस्तकांत व नर्सरीत तेच नाव चिकटून राहिलं. पुढे शास्त्रज्ञांनी त्याला मूळ घरी परत पाठवलं, पण नर्सरीवाल्यांना ते कळवायला कोणी गेलं नाही. ट्रॅडेस्कांशिया हे कुळ ज्यांच्या नावानं आहे ते जॉन ट्रॅडेस्कंट बापलेक, इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाचे माळी. देशोदेशींची झाडं आणि चमत्कारिक वस्तू जमवण्याचा त्यांना नाद होता, आणि तो संग्रह पुढे ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचा पाया झाला. ही झाली दरबारी बाजू.

दुसरी बाजू आपल्या बांधावरची. रिओ हा आपल्या केन्याचा नातलग, एकाच घराण्यातला. पावसाळ्यात शेतात माजणारा, निळ्या फुलांचा तो केना. शेतकरी त्याला शिव्या देत खुरपतो आणि घरी त्याच्याच पानांची भाजी किंवा भजी खातो. उपटून बांधावर फेकला तरी एखादं पेर ओल्या मातीला टेकलं की केना परत धरतो. रिओची चिवटाई कुठून आली हे वेगळं सांगायला नको. फरक एवढाच, की केना पावसाबरोबर येतो आणि पावसाबरोबर जातो; रिओ उन्हाळाभर बसून राहतो.

एक गोष्ट त्याची अशी, की ती कळल्यापासून त्याच्याकडे मी जरा वेगळ्या आदरानं पाहतो. प्राण्यांत किंवा झाडांत, बीजपेशी तयार होताना गुणसूत्रं साधारणपणे जोड्या लावून समोरासमोर येतात. रिओत बारा गुणसूत्रं, पण ती जोड्या लावत नाहीत. त्यांच्या तुकड्यांची पूर्वी कधी तरी इतकी अदलाबदल झाली आहे, की बाराही जणी टोकाला टोक लावून एक कडं करतात. फुगडीऐवजी फेर धरतात म्हणा. त्यामुळे बरेचसे परागकण वांझ निघतात, आणि बीज धरलंच तर पोर आईसारखं निपजतं. जगभरच्या पेशीशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे कडं दाखवलं जातं. कंत्राटदाराच्या बिलातल्या त्या झाडाची पाठ्यपुस्तकात अशी दोन-दोन प्रकरणं आहेत.

आता दोष. ज्याचं चित्र काढायचं त्याचे दोष झाकून ठेवले तर ते श्रद्धांजलीचं भाषण होतं.

पहिला म्हणजे त्याचा चीक. पान मोडलं की पाणचट रस येतो आणि काहींच्या कातडीला त्यानं खाज सुटते, पुरळ उठतं. छाटणी करायची तर हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. घरातला कुत्रा रिओत लोळला आणि पोटाकडची कातडी लाल झाली, असं दिसलं तर आधी रिओवर संशय घ्यावा. रांगतं मूल असलेल्या घरी मी तो दाराशी लावायला सांगत नाही.

दुसरा दोष म्हणजे मान. मोठ्या जातीचा रिओ चार-पाच वर्षांत उंच होतो, खालची पानं गळतात आणि उघडं, खवल्याखवल्यांचं खोड दिसू लागतं. वर पानांचा तुरा, खाली नुसती मान. अशा वेळी दयामाया दाखवू नये. तुरा चार बोटं खोडासकट कापायचा, दोन दिवस सावलीत सुकू द्यायचा, म्हणजे काप कोरडा होतो, आणि मग तिथंच लावायचा. जुनं खोड काढून टाकायचं.

तिसरा दोष खरं तर आंब्याचा आहे, पण भोगतो रिओ. मोहराच्या दिवसांत तुडतुडे माजले की वरून चिकटा गळतो. फेब्रुवारीत रिओच्या पानांवर बोट फिरवलं तर बोट चिकटतं, आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी धरते. महिनाभर तो काजळ फासल्यासारखा दिसतो. पाइपचा जोरदार फवारा दोन-तीनदा मारला की उतरतं. आंब्याची पडकी पानंही त्याच्या बेचक्यात अडकून बसतात. ती काठीनं हलवून खाली पाडायची; खाली पडली की खत, वर राहिली की कुजका. पावसाळ्यात मोठ्या गोगलगाई दिवसा त्याच्या बुडाशी दडतात, तेव्हा संध्याकाळी बॅटरी घेऊन एक फेरी मारावी लागते.

आणि काळ्या चिकण मातीत पाणी साचलं तर तो कुजतो. चुनखडीच्या फटीतला जीव, पाय पाण्यात ठेवून बसायची त्याला सवय नाही. कोरडेपणानं न मरणारा रिओ जुलैत मेलेला दिसला, तर चूक निचऱ्याची.

लावायची रीत सोपी, पण आंब्याखाली एक पथ्य आहे. कुदळ घेऊन सगळी जागा खणून काढू नका. वरच्या थरातली ती बारीक मुळं म्हणजे आंब्याचं जेवणाचं तोंड. खुरप्यानं मुळं चुकवत, हाताच्या ओंजळीएवढे खळगे करायचे, प्रत्येकात मूठभर शेणखत किंवा गांडूळखत, आणि एकेक फांदी. ठेंगणी जात वीतभर अंतरावर, मोठी फुटावर. खोडाला लागून एक-दीड फूट जागा मोकळी सोडायची. खोडाशी मातीचा ढीग करून वाफा सजवायची जी हौस असते, तिनं आंब्याची साल कुजते. जूनचे पहिले एक-दोन पाऊस होऊन जमीन भिजली की लावणीला बसायचं. जुलैची संततधार सुरू व्हायच्या आत मुळं धरलेली बरी. पहिला उन्हाळा आठवड्याला दोनदा पाणी. दुसऱ्यापासून आठवड्याला एकदा दिलं तरी चालतं, आणि एखादा आठवडा विसरलात तरी तो तक्रार करत नाही. पान पातळ झालेलं दिसेल, तेवढंच. तिरंगी पट्ट्यांची, गुलाबी झाक असलेली जात मोह घालते. तिला उजेड जास्त लागतो, आंब्याच्या गर्द सावलीत ती फिकी आणि लांबुडकी होते. गर्द सावलीसाठी साधा, दोन रंगांचाच.

एवढं ऐकून काही वाचक विचारतील, आणि त्यांनी विचारावंच: परदेशी का? आपलं देशी काही नाही? आहे. थोडा उजेड मिळत असेल तर कोरांटी सावलीच्या कडेला चांगली तगते. चित्रकही पांढऱ्या फुलांनिशी झुडपाझुडपांखाली रानात सहज वाढतो. पण दोन्ही झुडपं आहेत, अंथरूण नव्हे. खरी गोष्ट अशी, की सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या आपल्या पानझडी रानांत बारमाही हिरवं अंथरूण निसर्गानं घातलेलंच नाही. पावसात तिथं केना उगवतो, रानहळद उगवते, फोडशी उगवते. दसरा-दिवाळीनंतर सगळं कंदात, मुळात, बियांत दडी मारतं आणि जमिनीवर उरतो पाचोळा. आपल्याकडचं मूळ ग्राउंड कव्हर तो पाचोळाच. तो माती झाकतो, ओल धरतो, मुळांना गार ठेवतो आणि त्याला पाणी घालावं लागत नाही. ज्यांना त्याचं पिंगट रूप डोळ्यांना खुपत नाही, त्यांनी आंब्याखाली काहीही लावू नये. रोज सकाळी तो झाडून, गोण्यात भरून, घंटागाडीत टाकायचं तेवढं थांबवावं. माझं स्वतःचं मत त्याच बाजूला झुकतं.

पण सगळ्यांना ते पटणार नाही, हेही मला माहीत आहे. सोसायटीत पाचोळा ठेवला की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सापाची तक्रार घेऊन येतं. ज्यांना बाराही महिने हिरवं हवं आहे, उन्हाळ्यात टँकरचं पाणी बागेला घालायची ज्यांना लाज वाटते आणि ज्यांच्या आंब्याखाली लॉनची दोनदा राख झाली आहे, त्यांच्यासाठी रिओसारखा दुसरा नाही. रिओ आणि पाचोळा एकत्रही सुखानं नांदतात. मधल्या जागेत पान पडू दिलं तर पाणी आणखी कमी लागतं.

विकत आणायचीही गरज नाही. जूनमध्ये कुठल्या तरी सोसायटीत, शाळेत, ऑफिसात रिओची छाटणी होत असतेच. माळीदादांना विचारा, पोतंभर मिळेल, आणि त्यांना बरंच वाटेल. मात्र तुमची स्वतःची छाटणी झाली की तिचं काय करता याकडे नीट लक्ष द्या. फ्लोरिडात हा बागांतून बाहेर पडून रानात पसरला आहे आणि तिथले लोक त्याला आता उपटत बसले आहेत. चार बोटांचा तुकडा ओल्या मातीला टेकला की त्याला दुसरं काही लागत नाही. तेव्हा उरलेल्या फांद्या टेकडीच्या उतारावर, ओढ्याच्या काठी, कुंपणापलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर भिरकावू नका. फरशीवर चार-आठ दिवस कडक उन्हात वाळवा, पूर्ण सुकल्या की कंपोस्टच्या खड्ड्यात घाला.